वाचकांचे प्रश्न : फळ्यावर आफ्रिकी म्हणी

प्रश्न : कोथरूडमधल्या आमच्या शाळेत रोज फळ्यावर सुविचार लिहितात. या महिन्यात आफ्रिकी म्हणी घ्यायच्या आहेत. कशा निवडाव्यात?

उत्तर : नुसतं ‘आफ्रिकी म्हण’ असं लिहू नका. त्या खंडात हजाराहून जास्त भाषा आहेत. भाषेचं नाव आणि मूळ शब्द मिळाले तरच म्हण घ्या. ‘लवकर जायचं तर एकटे जा, दूर जायचं तर सोबतीनं जा’ हे वाक्य सगळीकडे फिरतं, पण त्याखाली भाषा सहसा नसते. ते वगळा.

सुरुवात पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेपासून करा. ‘हाबा ना हाबा हुजाझा किबाबा’, म्हणजे थोडं थोडं टाकत गेलं की धान्याचं माप भरतं. शेजारी ‘थेंबे थेंबे तळे साचे’ लिहा, मुलांना लगेच उमगेल. ‘समाकी म्कुन्जे अंगाली म्बिची’ ही फार सुंदर आहे: मासा ताजा असतानाच वाकवावा. वाळला की तो मोडतो. मुलांना लहानपणीच वळण लावण्याबद्दल ती वापरतात, म्हणून पालकसभेच्या दिवशी ठेवा.

घानातल्या आकान लोकांचं ‘सांकोफा’ हे म्हणीचं चिन्ह आहे, म्हणून ते मात्र चित्रासह हवं: मान मागे वळवलेला पक्षी. विसरलेलं आणायला मागे जाण्यात गैर नाही, असा त्याचा अर्थ. अर्थ यमकात बसवू नका. त्यात मूळ आशय हमखास बिघडतो.