लाकूडकाम प्रश्नोत्तरं: छोट्या वर्कशॉपमधलं रंधा मशीन

या वेळी पाच पत्रं एकाच मशीनबद्दल आली म्हणून सगळी एकत्र घेतोय. परदेशी व्हिडिओंत ज्याला जॉइंटर म्हणतात त्याला आपल्याकडे दुकानदार सरफेस प्लेनर म्हणतो आणि कारखान्यात त्याला नुसतं रंधा मशीन म्हणतात. खाली कुठलाही शब्द आला तरी मशीन तेच, फळीची बाजू सपाट आणि सरळ करणारं.

काका, डोंबिवलीत 10 बाय 12 चा गाळा आहे, सागवानाचे पाट, देव्हारे, छोटे टीपॉय करतो. आत्तापर्यंत हातरंधा आणि 82 एमएमचा इलेक्ट्रिक रंधा यावर भागवलं, आता एकदाच पैसे घालायचेत तर टेबलावरचं 6 इंची घेऊ, टू इन वन (जॉइंटर आणि फळीची जाडी सारखी करणारा थिकनेसर एकाच मशीनमधे) घेऊ, का एक जुनं बिडाचं 12 इंची मिळतंय ते घेऊ?

आधी जुन्या बिडाच्या मशीनचं सांगतो कारण मन तिकडेच ओढ घेतं, मलाही घेतं. मशीन चांगलं असेल तर त्याच्यासारखं काम कुठलंच छोटं मशीन देणार नाही, पण तुमच्या गाळ्यात ते ठेवलं की पुढून पाच फूट आणि मागून पाच फूट मोकळं लागतं, मग 12 फुटांत तुम्ही उभे कुठे राहणार आणि करवत मशीन कुठे ठेवणार. ते सोडा.

राहिलं 6 इंची आणि टू इन वन. बहुतेक लोक रुंदी बघून मशीन घेतात, माझं म्हणणं आहे की आधी टेबलची लांबी बघा. छोट्या 6 इंची मशीनचं पुढचं-मागचं टेबल मिळून साधारण 28 ते 30 इंच भरतं, आणि आमच्याकडे धरून चालतात की टेबलच्या दीडपट, फार तर दुप्पट लांबीची फळी त्यावर नीट सरळ होते. म्हणजे साडेतीन ते पाच फूट. त्याच्या पुढची फळी हातात डुलायला लागते आणि मशीन तिचा बाक काढायच्या ऐवजी बाकाबरोबरच चालत जातं. रुंदी कमी पडली तर फळी मधून चिरून, दोन्ही तुकडे रंधून परत चिकटवता येते, लांबी कमी पडली की काही करता येत नाही.

तुमचा देव्हारा आणि पाट तीन फुटांच्या आतले आहेत त्यामुळे लांबीची अडचण नाही. मग प्रश्न उरतो की तुमच्याकडे थिकनेसर आहे का. पत्रात उल्लेख नाही म्हणजे नसावा, आणि नसेल तर मी तुम्हाला टू इन वनच सांगेन, 8 इंची मिळालं तरी पुरे, कारण नुसत्या जॉइंटरने तुमचं काम अर्धवट राहील (का ते पुढच्या उत्तरात आहे). दर वेळी टेबल उचलून मशीन बदलायचा कंटाळा येतो हे खरं आहे, त्यावर उपाय म्हणजे सगळ्या फळ्यांची एक-एक बाजू आधी उरकायची आणि मग एकदाच बदलायचं.

घेताना दुकानात एक मोठी स्टीलची पट्टी घेऊन जा, इनफीड टेबल (ज्यावरून फळी आत ढकलतो ते) वर उचलून आउटफीडच्या (ज्यावर ती बाहेर येते त्या टेबलच्या) लेव्हलला आणा आणि पट्टी दोन्ही टेबलांवर मिळून आडवी, तिरकी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. फेन्स (फळी टेकवायची उभी पट्टी) गुण्या लावून 90 ला लॉक करा आणि वरच्या टोकाला हाताने ढकलून बघा, हलली तर दुसरं मशीन उघडायला सांगा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू दे. आणि आवाजाचा विचार करा, ब्रशची मोटर असलेली मशीनं 10-12 हजार आरपीएमवर ब्लॉक (पाती बसवलेला गोल दांडा) फिरवतात, तो आवाज शेजारच्या गाळ्यात नाही तर पूर्ण सोसायटीत जातो, बेल्टवर चालणारी इंडक्शन मोटर मिळाली तर ती बरीच शांत असते.

फळीची एक बाजू जॉइंटरवर केली, उलटून दुसरी पण तिथेच केली, दोन्ही बाजू गुळगुळीत आल्या पण फळी एकीकडे 20 एमएम आणि दुसरीकडे 17 भरली. मशीन खराब आहे का? - कोल्हापूर

मशीन चांगलं आहे. जॉइंटर फक्त खाली टेकलेली बाजू सपाट करतं, वरची बाजू कशी आहे हे त्याला कळतच नाही, त्यामुळे दोन्ही बाजू सपाट होतात पण एकमेकींना समांतर होतील याची काही खात्री नाही. समांतर करायचं काम थिकनेसरचं, तो वरून कापतो आणि खालच्या बाजूवरून माप धरतो. आणि उलटं पण तेवढंच खरं, पीळ असलेली फळी थेट थिकनेसरमधे घातली तर रोलर तिला दाबून सरळ करतात, पातं फिरतं, आणि बाहेर आली की फळी परत पीळ घेते, फक्त आता पातळ झालेली असते.

म्हणून क्रम असा: जॉइंटरवर एक बाजू, तिच्यावर पेन्सिलने खूण, ती बाजू फेन्सला लावून एक कड, मग थिकनेसरमधे दुसरी बाजू, मग करवतीवर दुसरी कड. फळीला पन्हळ असेल तर खोलगट बाजू खाली, म्हणजे दोन कडांवर ती स्थिर बसते. पीळ असेल तर आधी दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून नजरेने बघा कुठले दोन कोपरे उंच आहेत, त्या कोपऱ्यांवर तोल धरून पहिले दोन-तीन हात मारायचे, डुगडुगू द्यायची नाही. एका वेळी पाव सूत, फार तर अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), सागवानाला सुद्धा. एक सूत काढता येतं असं मशीनवर लिहिलेलं असलं तरी छोटी मोटर तिथे दमते आणि लाकडाच्या रेषा उलट्या असल्या की कपचे उडतात.

माझं 6 इंची मशीन नवीन आहे, फळी छान येते पण शेवटचे दोन इंच जास्त कापले जातात, दर फळीला खड्डा. पाती बदलून पाहिली. - चिपळूण

पाती बदलून हे जाणार नाही, पात्याची उंची जुळवून जाईल. जॉइंटरचं सगळं गणित एका गोष्टीवर आहे: आउटफीड टेबल आणि पातं सगळ्यात वर असतानाची त्याची धार, दोन्ही एकाच पातळीत पाहिजेत. इनफीड खाली असतं ते जेवढं कापायचंय तेवढंच. तुमच्याकडे टेबल धारेपेक्षा किंचित खाली आहे, म्हणून फळी चालताना थोडी अधांतरी असते आणि मागचं टोक इनफीडवरून सुटलं की ती खाली बसते आणि पातं तिथे जास्त खातं. उलट टेबल उंच असेल तर फळी टेबलच्या ओठाला अडकते, किंवा कापत कापत शेवटी काहीच कापेनासं होतं.

बऱ्याच छोट्या मशीनमधे आउटफीड टेबल पक्कं असतं, तेव्हा पातीच वर-खाली करावी लागतात. प्लग काढा, बटण बंद करून भागणार नाही, प्लगच काढा. एक सरळ लाकडी पट्टी आउटफीड टेबलवर ठेवून तिचं टोक ब्लॉकच्या पुढे येऊ द्या, पट्टीवर टेबलच्या कडेला पेन्सिलची रेघ मारा, आणि ब्लॉक हाताने हळू फिरवा. पातं पट्टीला हलकं उचलून दोन-तीन एमएम पुढे ओढत नेईल. नुसतं घासून गेलं तर पातं खाली आहे, सात-आठ एमएम ओढलं तर वर आहे. प्रत्येक पात्याला फेन्सच्या बाजूला एकदा आणि तुमच्या बाजूला एकदा, सगळीकडे सारखंच ओढलं गेलं पाहिजे. पहिल्यांदा करताना अख्खी दुपार जाते, मला दोन गेल्या होत्या, पण नंतर वर्षभर हातरंध्याला हात लावावा लागला नाही.

आणि हे सगळं नीट असूनही कडेला मधे पोकळी येत असेल तर दोन्ही टेबलांची बाहेरची टोकं खाली झुकलेली आहेत, फळीचा मधला भाग फुगीर येत असेल तर टोकं उंच आहेत. त्यासोबत हात पण तपासा, फळीचा वीतभर भाग पलीकडे गेला की दाब आउटफीडवर न्यायचा, इनफीडवर दाबत राहिलात तर बाक दाबला जातो आणि सुटल्यावर परत येतो. दोन फळ्या जोडून पाट करायचा असेल तर एका फळीची खुणेची बाजू फेन्सला आणि दुसरीची बाहेर ठेवून कड मारा, फेन्स अर्ध्या अंशाने चुकली असली तरी एकीकडे साडेएकोणनव्वद आणि दुसरीकडे साडेनव्वद होऊन सांधा सपाट बसतो.

भाऊ न्यू जर्सीहून येताना तिकडचं मशीन आणतो म्हणतोय, इथे चालेल का? - नाशिक

तिथे 120 व्होल्ट 60 हर्ट्झ, इथे 230 व्होल्ट 50. थेट लावलं तर मोटर लगेच जळेल. ब्रशवाली मोटर असेल तर 50 हर्ट्झने काही बिघडत नाही, फक्त स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर पाहिजे, आणि 10 अँपिअरचं मशीन म्हणजे 1200 वॅट, तेव्हा 2000 व्हीएचा घ्या, प्रवासात वापरतात तो छोटा कन्व्हर्टर नको. इंडक्शन मोटर असेल तर ट्रान्सफॉर्मर लावूनही ती सहाला पाच या हिशोबाने हळू फिरेल आणि जास्त तापेल, ते आणू नका. ट्रान्सफॉर्मर, विमानातलं वजन आणि तिकडची पाती इथे शोधायची कटकट धरली तर मी तरी भावाला एखादा चांगला गुण्या आणायला सांगेन.

आम्ही सावंतवाडीकडे लाकडी खेळणी करतो, आंब्याच्या लाकडाचे सहा-सात इंचाचे तुकडे जॉइंटरवर धरायला भीती वाटते, शिवाय पावसाळ्यात टेबल गंजतं आणि केलेलं लाकूड आठ दिवसांत वाकतं.

गंजाचं सोपं आहे, बारीक पॉलिश पेपरने गंज काढून साधी मेणबत्ती घासायची आणि फडक्याने पुसायचं, सिलिकॉनचा स्प्रे मारू नका, तो लाकडाला लागला की पॉलिश धरत नाही. वाकण्याचं कारण दमट हवा. कोकणात पावसाळ्यात लाकडातला ओलावा 16-18 टक्क्यांवर सहज जातो. लाकूड आणल्यावर लगेच फायनल मापाला नेऊ नका, दोन-तीन एमएम जास्त ठेवून रंधा, पट्ट्या मधे घालून थर लावा, आठवडाभराने परत एकदा हलका हात मारा, आणि दोन्ही बाजूंनी सारखंच काढा.

आता तुकड्यांचं. भीती वाटते ती बरोबर वाटते. 12 इंचाच्या आतला तुकडा जॉइंटरवर घालायचाच नाही. मी शिकाऊ होतो तेव्हा आमच्या शेडमधे एका सहकाऱ्याने सात इंचाचा तुकडा धरला, तो तुकडा दोन टेबलांच्या मधल्या फटीत कलला आणि उडाला, आणि हात होता तिथेच खाली गेला. करवतीने तुटलेलं बोट कधी कधी जोडता येतं, इथे जोडायला काही उरत नाही. त्या माणसाला मी आजही भेटतो आणि दर वेळी नजर त्याच्या बोटाकडे जाते.

तुम्ही दोन-अडीच फुटांची अख्खी पट्टी आधी रंधून घ्या, सगळ्या बाजू करून घ्या, आणि मग तिचे खेळण्याएवढे तुकडे करा. अर्ध्या इंचापेक्षा पातळ झालेली पट्टी पण परत जॉइंटरवर नको, आणि तुकड्याची डोक्याकडची बाजू, म्हणजे रेषा उभ्या कापल्या जातात ती, कधीच नको. गार्ड काढून ठेवू नका. दोन्ही हातांत रबर लावलेले ढकलायचे ठोकळे पाहिजेत, प्लायच्या तुकड्याला खाली एक आडवी पट्टी मारून घरी पण होतात. हातमोजे घालू नका, पातं मोज्यासकट हात ओढतं. तुमच्याकडे बायका पण कामाला आहेत असं पत्रात लिहिलंय तर ओढणी, पदर आणि वेणी बांधल्याशिवाय कुणी मशीनजवळ जाणार नाही हे ठरवून टाका, आणि उभं राहायचं ते मशीनच्या बाजूला, फळीच्या मागे सरळ रेषेत नाही, कारण तुकडा मागे फेकला गेला तर त्याच वाटेने येतो. मास्क लावा, लाकडाची बारीक धूळ वर्षानुवर्षं नाकात गेली की कॅन्सरचा धोका असतो, आणि आंब्याची धूळ फार बारीक उडते. जुनं लाकूड वापरत असाल तर खिळा शोधायला आधी लोहचुंबक फिरवा.