वाईत नव्याने आलेल्या मुलीला

'तू कुणाची गं?' हा प्रश्न तुला रोज ऐकू येत असेल. चिडू नकोस. वाईत आधी आळी विचारतात, मग आडनाव, नाव सगळ्यात शेवटी. मी पाचवीत नांदेडहून आले तेव्हा माझं 'काय करायलीस?' ऐकून अख्खा वर्ग हसायचा. मी बोलणंच बंद केलं, आणि तीच चूक झाली. गप्प मूल इथे शिष्ट ठरतं.

बोली बदलू नकोस. त्याऐवजी कृष्णाबाईच्या, म्हणजे आपल्या कृष्णा नदीच्या, उत्सवाची वाट बघ. भीमकुंड आळी, गंगापुरी, मधली आळी, रामडोह... थंडी सरताना एकेका घाटावर उत्सव बसतो. बाहेरच्यांसाठी दार उघडतं ते इथेच, पण पंगतीत जेवायला बसून नाही, वाढायला उभं राहून. पाण्याचा जग उचल, कुणी सांगायची वाट बघू नकोस. दुसऱ्या दिवशी बाजारात चार काकू हाक मारतील. नंतर त्याच काकू तू कुणाबरोबर ढोल्या गणपतीच्या घाटावर बसली होतीस ते आईला सांगतील. तेही त्यातच आलं.

एक मात्र आधीच सांगते. बालवाडीपासूनच्या मैत्रिणींच्या टोळीत पूर्ण शिरायला जाऊ नकोस. त्यांचे निम्मे विनोद तुझ्या येण्याआधीचे आहेत. वर्गात आणखी कुणी बदलीवाल्यांचं पोर असेल, ते शोध. माझी अशीच एक मैत्रीण होती, सोलापूरची. तिचं 'काय करलालीस' माझ्याहून भारी होतं.

मी वाईत येऊन तीस वर्षं झाली. परवा एक आजी म्हणाल्या, 'ती नांदेडची ना?'