भिजलेल्या इंजिनाला हँडल मारू नका

प्रश्न : मे महिन्यात आम्ही मित्रांनी अक्कलकोट रोडच्या बाजूला मोकळ्या रानात जुन्या यंत्रांचं प्रदर्शन भरवलं होतं. ऑइल इंजिनं, उसाचा चरक, मळणी यंत्र, एक हातमाग. दुपारपर्यंत झकास चाललं होतं. चारच्या सुमारास वावटळ सुटली आणि वळीव असा कोसळला की निम्मा मंडप उडाला. आजोबांचं सिंगल सिलिंडर डिझेल इंजिन रात्रभर भिजलं. पुढची तारीख ठरवायची आहे. आधी इंजिन सुरू करून बघावं का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : थांबा दादा. हँडल बाजूला ठेवा आणि आधी सायलेन्सरच्या नळीकडं बघा. तिचं तोंड आभाळाकडं उघडं होतं का? असेल, आणि इंजिन बंद पडताना एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल, तर पाऊस सरळ पिस्टनच्या डोक्यावर उतरलाय. डिझेल इंजिन हवा साधारण सोळा-सतरा पट दाबतं, म्हणजे पिस्टन वर आल्यावर जागा उरते अगदी थोडी. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. तेवढ्या जागेत पाणी असताना फ्लायव्हीलच्या जड चाकानं रेटा दिला की पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकलाच. पावसानं इंजिन मेलं असं लोक म्हणतात. खरं तर त्याला मारते दुसऱ्या दिवशीची घाई.

तेव्हा आधी डिझेल फवारणारं नोझल काढा. चाक हातानं हळूहळू फिरवा, तोंड त्या भोकासमोर नको. पाणी असेल तर पिचकारी उडेल. ती थांबेपर्यंत फिरवा, मग भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा दोन-चार फेरे द्या. आता चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागाचा, नट सैल करा. पाणी जड, ते तळाशी बसतं, म्हणून आधी पाणी येईल, मागून ऑइल. ऑइल दुधी दिसलं तर गाळून वापरायचा मोह नको, सगळं बदला. डिझेलच्या टाकीचंही तसंच, तळाचं काढून टाका, फिल्टर बदला, डिझेलच्या नळीत अडकलेली एअर काढा. एवढं झाल्यावरच हँडल. सुरू झालं की लोड न देता चांगलं गरम होऊ द्या, आतली ओल निघून जाईल.

रॉकेलवरचं मॅग्नेटोवालं इंजिनही भिजलं असेल तर मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज तयार करणारा भाग, चुलीजवळ शेकू नका, आतल्या वायंडिंगचं वार्निश जातं. कोरड्या, उबदार खोलीत काही दिवस पडू द्या. उघड्या लोखंडावर तांबूस गंज आला असेल तर रॉकेलच्या फडक्यानं पुसा आणि ग्रीसचा हात फिरवा. लाल ऑइलपेंट मारून नवरीसारखं नटवायची जी हौस हल्ली आली आहे, ती मला बिलकूल पटत नाही. रंगाखाली गंज आरामात वाढतो.

आणि मे महिना कुणी सुचवला हो? आपल्याकडं मे म्हणजे सकाळभर भट्टी आणि दुपारनंतर आभाळ. पावसाळ्यातही सोलापूरला खरा जोर असतो सप्टेंबरात, त्यामुळं गणपती-नवरात्राच्या सुट्ट्या बघून तारीख धरू नका. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा सरली की मैदान धरा. तरी ताडपत्री जवळ असू द्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट जिल्हा विसरलेला नाही. ताडपत्री यंत्राला चिकटवून बांधू नका, खालून वारा खेळू द्या, नाहीतर आतल्या आत घाम धरतो. नळीवर रिकामा डबा उपडा घाला. जागा मुरमाची बघा. काळ्या रानात पाऊस पडला की इंजिनाची गाडी आसापर्यंत रुतते, आणि तिला ओढायला आलेला ट्रॅक्टरही तिथंच बसतो. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप मोबाइलमध्ये घ्या, जवळपास वीज पडत असेल तर ते सांगतं. कडकडाट ऐकू आला की माणसं मंडपाच्या लोखंडी खांबांपासून हलवून पक्क्या घरात न्यायची. यंत्रं भिजली तर भिजू देत.

प्रश्न : त्याच पावसात आमचा चादरीचा जुना हातमाग भिजला. नक्षी उठवणाऱ्या जेकार्डची भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं उन्हात टाकावीत का?
– एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : उन्हात अजिबात नको, कार्डं पापडासारखी वळतील. त्या भोकांवरच नक्षी उठते. भोक जरा सरकलं तरी सुई चुकते आणि फूल विस्कटतं. सोडण्याआधी कार्डांच्या ओवलेल्या माळेचा फोटो काढा, प्रत्येक कार्डावर पेन्सिलीनं क्रमांक घाला, मग दोरी सोडा. सावलीत कोऱ्या कागदांच्या घड्यांमध्ये ठेवून वर फळी आणि वजन द्या. कागद ओले झाले की बदला. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. जे कार्ड फुगून सुटलं असेल ते नमुना धरून नवीन पुठ्ठ्यावर पाडून घ्या. पूर्व भागात कार्ड पाडणारा जुना हात अजून सापडेल. मागाचं लाकूड आपसूक सुकू द्या, फुगलेल्या खाचा तासायला घेऊ नका. सूत जिच्यातून ओवलेलं असतं ती मागाची फणी लोखंडी असेल तर ती मात्र आजच पुसा, गंजाचा डाग सुतावर पडला की धुऊन निघत नाही.