वजनकाटा हलला नाही, तरी पाळी आली

प्रश्न : माझे वय ३१ वर्षे आहे. पीसीओएसचे (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, शब्दशः 'अनेक गाठींच्या बीजांडकोशाचा' विकार) निदान झाले तेव्हा माझे वजन ८२ किलो होते आणि पाळी दोन-दोन, तीन-तीन महिन्यांनी येत असे. सुरुवातीला मी धान्य पूर्ण बंद केले आणि रोज तासभर धावू लागले. दोन महिन्यांत पाच किलो वजन उतरले. पण गुडघा दुखू लागला, चिडचिड वाढली, अखेर सगळेच सोडून दिले आणि वजन होते तिथे परत आले. आता चार महिन्यांपासून रोज चालते, आठवड्यातून दोनदा वजने उचलते आणि सर्व पदार्थ बेताने खाते. वजन जेमतेम दोन किलो घटले आहे. परंतु मागच्या दोन पाळ्या ३८ आणि ३६ दिवसांनी आल्या. हा योगायोग समजावा का? पुन्हा कडक आहार सुरू करावा का? हनुवटीवरचे केस मात्र तसूभरही कमी झालेले नाहीत.

उत्तर : दोन पाळ्यांवरून छातीठोकपणे काही सांगता येत नाही. तरीही तुम्ही जे लिहिले आहे ते अगदी संभवनीय आहे. वजन फारसे न घटता पाळी सुधारणे यात विसंगती काहीच नाही.

पीसीओएस असलेल्या बहुसंख्य स्त्रियांच्या शरीराचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावलेला असतो आणि ती उणीव भरून काढण्यासाठी स्वादुपिंड अधिक इन्सुलिन सोडते. स्नायू या इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, बीजांडकोश मात्र देतो, ही या विकारातली खरी गोम आहे. वाढलेल्या इन्सुलिनमुळे बीजांडकोशात अँड्रोजेन म्हणजे पुरुषी संप्रेरके जास्त तयार होतात आणि त्याच वेळी ही संप्रेरके रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होते. अशा दोन्ही बाजूंनी मोकळ्या अँड्रोजेनचे प्रमाण वाढते. मग बीजपुटक, म्हणजे स्त्रीबीज ज्यात वाढते ती छोटी पिशवी, अर्धवट वाढून थांबते, स्त्रीबीज वेळेवर सुटत नाही आणि पाळी लांबते.

व्यायामाचा उपयोग नेमका इथे होतो. काम करणारा स्नायू रक्तातील ग्लुकोज इन्सुलिनच्या मदतीशिवायही आत घेऊ शकतो, आणि व्यायाम संपल्यानंतरही त्याचा इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद साधारण एक ते दोन दिवस सुधारलेला राहतो. हा लाभ मिळण्यासाठी आधी चरबी घटावी लागत नाही. तो टिकतही नाही, म्हणूनच आठवड्यातून एकदा तीन तास घाम गाळण्यापेक्षा तीच वेळ चार-पाच दिवसांत वाटून घेणे आणि सलग दोन दिवसांहून जास्त खंड न पडू देणे अधिक शहाणपणाचे. पीसीओएसविषयीच्या २०२३ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढ स्त्रियांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस व्यायाम करावा आणि शिवाय लागोपाठ न येणाऱ्या दोन दिवशी स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा. वजन घटवायचे असेल, तर मध्यम व्यायामाची मात्रा किमान २५० मिनिटांपर्यंत न्यावी लागते. चालताना बोलता येते पण गाता येत नाही, ती गती मध्यम समजावी. तुम्ही आज जे करत आहात ते याच चौकटीतले आहे. फक्त उचलायची वजने दर काही आठवड्यांनी थोडी वाढवत न्या, कारण ओझे तेच राहिले की स्नायूंची वाढही थांबते.

आहाराबाबत माझे मत स्पष्ट आहे : ज्या आहारामुळे माणूस दोन महिन्यांत चिडचिडा होऊन सगळे सोडून देतो, तो आहार कागदावर कितीही चांगला असला तरी तुमच्यासाठी चुकीचा आहे. पीसीओएससाठी अमुक एकच आहार इतरांहून श्रेष्ठ आहे, असे आजवरच्या अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही, आणि वरील तत्त्वांतही तसेच नमूद केले आहे. पिष्टमय पदार्थ कमी केल्याने काही स्त्रियांना लाभ होतो, हे खरे. पण कमी करणे आणि हद्दपार करणे यांत अंतर आहे. पॉलिश केलेल्या धान्याऐवजी सालासकट धान्य घ्यावे, प्रत्येक जेवणात डाळी, कडधान्ये, अंडी, मासे किंवा दुधाचे पदार्थ यांपैकी काहीतरी पुरेसे असावे आणि भाज्यांचा वाटा मोठा ठेवावा. साखर घातलेली पेये आणि फळांचे रस वगळावेत. अख्खे फळ वगळण्याचे कारण नाही. दूध किंवा ग्लुटेन बंद केल्याने पीसीओएस बरा होतो, या दाव्याला भक्कम आधार नाही. ज्यांना ते सोसत नाहीत त्यांची गोष्ट वेगळी.

तुमच्या बाबतीत वजन उतरल्याचा लाभ होणार नाही, असा याचा अर्थ नाही. मूळ वजनाच्या पाच टक्के, म्हणजे तुमच्यासाठी सुमारे चार किलो, एवढी घटसुद्धा पाळी आणि रक्तशर्करा यांवर चांगला परिणाम करू शकते. ती सहा महिन्यांत झाली तरी चालेल. दरम्यान कंबरेचा घेर मोजत राहा, कारण स्नायू वाढून चरबी घटत असेल तर काटा ते दाखवत नाही.

केसांबाबत धीर धरावा लागेल. केसाच्या मुळाचे चक्र अनेक महिन्यांचे असल्याने औषधोपचारातही फरक दिसायला सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ जातो, आणि एकदा जाड झालेले केस केवळ व्यायामाने क्वचितच जातात. लेझर आणि औषधे यांविषयी त्वचारोगतज्ज्ञांशी बोला. आणखी एक सूचना, जी पुष्कळदा द्यायची राहून जाते : स्त्रीबीज पुन्हा सुटू लागल्यावर पाळी येण्याआधीच गर्भधारणा होऊ शकते. तूर्तास मूल नको असेल, तर "मला पीसीओएस आहे" या भरवशावर राहू नका.

प्रश्न : वजन ४९ किलो आहे, पाळी दर २९-३० दिवसांनी येते. पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत "दोन्ही बीजांडकोशांत अनेक गाठी" असे आले आणि ओळखीच्या सगळ्यांनी वजन कमी करण्याचा सल्ला दिला. काय करावे?

उत्तर : वजन कमी करू नका. सोनोग्राफीत दिसतात त्या गाठी नसून वाढ थांबलेली बीजपुटके असतात. १९३५ मध्ये स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी या विकाराचे वर्णन केल्यापासून नावामुळे झालेला हा घोळ अजून निस्तरलेला नाही. प्रौढ स्त्रीमध्ये पीसीओएसच्या निदानासाठी अनियमित पाळी, अँड्रोजेन वाढल्याची लक्षणे किंवा तपासणीतला पुरावा, आणि बीजांडकोशाचे विशिष्ट स्वरूप या तीनपैकी किमान दोन गोष्टी असाव्या लागतात, तसेच थायरॉइड व प्रोलॅक्टिन (दूधनिर्मितीशी संबंधित संप्रेरक) यांचे विकार नाहीत याची खात्री करावी लागते. तुमच्याकडे आजमितीस एकच गोष्ट दिसते. अंगावर केस, हट्टी मुरुमे असे काही असेल तर रक्ततपासणी करून घ्या. नसेल तर हे निदान ठरत नाही. सडपातळ स्त्रियांनाही पीसीओएस होतो. पण त्यांनी उपासमार आणि अतिव्यायाम केला, तर त्यामुळेच पाळी बंद पडू शकते.

प्रश्न : व्यायाम नियमित सुरू झाला आहे. मेटफॉर्मिन (इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारणारे औषध) बंद करू का?

उत्तर : परस्पर बंद करू नका. व्यायाम आणि हे औषध एकमेकांच्या जागी येत नाहीत, ते सोबत चालतात; मात्रा कमी करायची की नाही, हे तपासण्या पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील. औषध दीर्घकाळ सुरू असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी तपासून घ्या, कारण ती घटू शकते. पाळी मात्र कधी ९० दिवसांहून लांबली, तर व्यायामाचा परिणाम होण्याची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. गर्भाशयाचे अस्तर जाड होत राहते आणि त्यासाठी वेगळे उपचार लागतात.