मनगटाच्या ऑपरेशननंतर हात पूर्ववत व्हायला किती दिवस लागतात?

तुम्ही लिहिलंय की प्लेट बसवून दोन महिने झाले, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतंय, तरी मूठ वळत नाही. घरचे म्हणतात आराम कर, आपोआप येईल. आपोआप येत नाही. हे आधी सांगते, मग बाकीचं.

बेळगावात शहापूरला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. ऐन आषाढात परसात शेवाळावरून पाय घसरला, उजवा हात टेकला आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. तळहाताच्या बाजूने कापून प्लेट आणि स्क्रू घातले. घरी सोडताना दिलेल्या कागदावर खाली कोपऱ्यात ‘फिजिओथेरपी’ एवढंच खरडलेलं होतं. काय करायचं, कधीपासून, कुणी सांगितलं नाही. आणि घरात थोरल्या जाऊबाईंचा कायदा. “कशाला हलवालीस गं बोटं? गप्प बस की. प्लेट सरकली म्हणजे?” त्यांच्या माहेरी कुणाचा तरी हात हाडवैद्याने पट्टी बांधून बरा केलेला. त्यामुळे हात गळ्यात अडकवून ठेवायचा आणि टाके सुकले की तेल लावून रगडायचा, हे त्यांचं शास्त्र. भाऊजींच्या मते फिजिओथेरपी म्हणजे पैसे उडवणं.

मी ऐकलं नाही. अहो, प्लेट घालतात ती कशासाठी? हाड तिने धरून ठेवावं आणि बोटं दुसऱ्या दिवसापासून हलवता यावीत, यासाठीच ना? हात बांधूनच ठेवायचा तर मग प्लास्टर काय वाईट होतं? बोटं भिजवलेल्या वालासारखी फुगली होती. हात उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवायचा आणि दर तासाला मूठ वळायची, उघडायची, अंगठा एकेका बोटाच्या टोकाला लावायचा. कोपर आणि खांदाही फिरवायचा, नाहीतर खांदा आखडतो. दुखायचं, पण दुखणं सहन होईल इतपत करायचं. बायकांना कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत जून २०२३ पासून साध्या सरकारी बसला पैसे पडत नाहीत, तेव्हा फिजिओथेरपीला जायला भाऊजींच्या खिशातून बसभाडंही गेलं नाही.

सगळ्यात चिवट निघालं ते हात उताणा करणं. श्रावणात कपिलेश्वराच्या देवळात तीर्थाला हात पुढे केला, तर तळवा अर्ध्यावरच अडला आणि तीर्थ मनगटावरून कोपराकडे ओघळलं. शेजारी जाऊबाई उभ्या. “बघ, सांगत होते की, हलवून हलवून बिघडवलीस हात.” देवळात मी काही बोलले नाही. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी नीट समजावलं. हाताच्या पुढच्या भागात दोन हाडं असतात, तळवा उताणा होताना मोडलेलं हाड दुसऱ्याभोवती फिरतं, म्हणून ही हालचाल मागे राहते. कोपर कमरेला टेकवायचं, लाटणं एका टोकाला धरायचं आणि हळूहळू दोन्हीकडे कलवायचं, एवढाच व्यायाम. दिवाळीच्या ऑर्डरी मी घेतल्या, मशीन चालवलं. जाड अस्तरात कात्री मात्र अडायची, ती संक्रांतीनंतर नीट चालायला लागली. पकड पुढच्या पावसाळ्यापर्यंत वाढत होती. तीर्थ आता सरळ तळव्यात पडतं, आणि हे जाऊबाईंनी पाहिलंय.

तर तुमचं. हाड जुळायला साधारण ६ आठवडे, भरलेली कळशी किंवा पोतं उचलायला निदान ३ महिने, पकडीला ६ महिने ते वर्ष. दोन महिन्यांत पूर्ववत होत नाही, त्याची काळजी नको. पण मूठच वळत नसेल तर आजच फिजिओथेरपी सुरू करा. आधी कोमट पाण्यात हात, मग व्यायाम. पुढे मऊ कणीक दाबायची. दुसऱ्या कुणाकडून जोर लावून हात वाकवून घेऊ नका, रगडून तर मुळीच नाही.

मी डॉक्टर नाही, हेही लिहायला हवं. तुमच्या हाताला बाहेरून तारा लावलेल्या असतील किंवा मोड सांध्यात गेलेली असेल तर वेळापत्रक तुमच्या सर्जनचं. हात भगभगत असेल, कातडी चकचकीत आणि लाल-निळी दिसत असेल, घाम सुटत असेल, किंवा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होत असतील, तर थांबू नका, लगेच दाखवा.

प्लेट काढावी का, हेही विचारलंय. त्रास नसेल तर सहसा काढत नाहीत. अंगठ्याचं पेर वाकवताना खटखट होत असेल, दुखत असेल, तर प्लेट अंगठा वाकवणाऱ्या स्नायूच्या दोरीला घासत असू शकते, तेव्हा दाखवायचंच. जाऊबाई अजूनही म्हणतात, “लोखंड अंगात कशाला?” माझी टायटॅनियमची आहे, आणि ती तिथेच राहणार.

वय लिहिलं नाही तुम्ही. पन्नाशीपुढची बाई नुसती घसरून पडली आणि मनगट मोडलं, तर हाडं ठिसूळ झाली आहेत का ते डेक्सा तपासणीत बघून घ्यायला हवं, पुढचा नंबर खुब्याचा लागू शकतो. मी करून घेतली. जाऊबाई साठीच्या पुढे आहेत, त्यांना किती सांगितलं तरी जात नाहीत. तुम्ही मात्र जा.