अल्कीनच्या रिअॅक्शन लक्षातच राहत नाहीत, आठ दिवसांत रिव्हिजन कशी करू?

अकरावीचा पेपर आठ दिवसांवर आहे अन् रात्री पाठ केलेलं सकाळी सगळं मिसळून जाते म्हणतोस, माझं बी तसंच व्हायचं. यवतमाळकडच्या खेड्यातून एसटीनं कॉलेजला जायचो, वही उघडून रस्ताभर नुसतं घोकत बसायचो. आता गावातल्या पोरांना संध्याकाळी शिकवतो, त्यांना एकच सांगतो, यादी सोड, एक रेणू धर. प्रोपीन, CH₃–CH=CH₂, म्हणजे डबल बॉन्डवालं तीन कार्बनचं अल्कीन.

कोऱ्या पानाच्या मधात प्रोपीन काढ, चहूकडे बाण, प्रत्येक बाणावर एक रिएजंट, अन् दरवेळी विचार की हायड्रोजन कोणत्या कार्बनवर गेला.

एचबीआरचा हायड्रोजन डबल बॉन्डच्या कडेच्या कार्बनवर (CH₂ वर) जातो, कारण मग प्लस चार्ज मधल्या कार्बनवर येतो अन् सेकंडरी कार्बोकॅटायन (प्लस चार्जचा कार्बन दोन कार्बनला जोडलेला) प्रायमरीपेक्षा (एकाच कार्बनला जोडलेला) स्टेबल असते, म्हणून २-ब्रोमोप्रोपेन. रशियन केमिस्ट मार्कोव्हनिकोव्हनं १८६९ मधे हे नुसतं काय बनते ते पाहून सांगितलं, कार्बोकॅटायन तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. तुला तर कारण माहीत आहे, मग नियम घोकायचा काऊन? पेरॉक्साइड असलं की ब्रोमीनचा रॅडिकल (एकटा इलेक्ट्रॉन असलेला अणू) आधी येऊन कडेला बसतो, हायड्रोजन मागून मधात येतो, १-ब्रोमोप्रोपेन. हे फक्त एचबीआरलाच हां, एचसीएल अन् एचआयला नाही, माझ्या पोरांचे मार्क इथंच जातात.

पाण्याचं बी तसंच, सल्फ्युरिक अॅसिडनं प्रोपेन-२-ऑल, डायबोरेनवाल्या रस्त्यानं प्रोपेन-१-ऑल.

ओझोनोलिसिस म्हणजे ओझोननं डबल बॉन्ड मधातून कापायचा अन् दोन्ही तोंडांना ऑक्सिजन लावायचा, इथेनाल अन् मिथेनाल मिळते. ओझोननंतर झिंक अन् पाणी टाकतात, झिंक यासाठी की हायड्रोजन पेरॉक्साइड उरून अल्डिहाइडचं अॅसिड होऊ नये. पेपरात बहुतेक उलटं विचारतात, प्रोपेनोन अन् मिथेनाल मिळालं तर अल्कीन कोणतं? ऑक्सिजन काढ, तोंडं जोड, २-मिथाइलप्रोपीन आलं. असे दहा तरी सोडव.

पोटॅशियम परमँगनेट थंड, पातळ अन् अल्कलाइन असलं तर डायॉल (दोन ओएचवालं अल्कोहोल), जांभळा रंग जाऊन तपकिरी गाळ बसतो. गरम अन् अॅसिडिक असलं तर रेणूच तुटतो, इथेनॉइक अॅसिड अन् कार्बन डायऑक्साइड.

हे पान तीन दिवस रोज न पाहता काढ. चौथ्या दिवशी मधात ब्युट-२-ईन ठेव अन् एचबीआरचा बाण आधी काढून पाह्य, पेरॉक्साइड टाकलं काय न टाकलं काय उत्तर एकच येते, काऊन ते पानावर स्वतःच्या हातानं लिही.