भातखाचर, हिरवळीचं खत आणि मिथेन : वाचकांचे प्रश्न

लावणीआधी ताग किंवा धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं वाढवून मातीत गाडा असं सगळे सांगतात. आमच्याकडे पाऊस जूनमध्ये, लावणी जुलैत. बसवायचं कसं? (मुरबाड)

पावसावरच्या खाचरात ते बसत नाही. ताग-धैंचा फुलोऱ्यावर यायला दीड महिना लागतो, तोवर भाताचं रोप निबर होतं. मे महिन्यात पाणी देता येत असेल तरच पेरा. नाहीतर बांधावर गिरीपुष्प लावा. झाड धरलं की दरवर्षी पाला मिळतो. गुंठ्याला 30 किलो हिरवा पाला पुरे.

पाला गाडल्याने मिथेन हा हवा तापवणारा वायू वाढतो असं वाचलं. मग फायदा काय? (भिवंडी)

वाचलंत ते खरं आहे, आणि ते दडवून हिरवळीच्या खताचा प्रचार करू नये. साचलेल्या पाण्याखाली मातीत हवा नसते. तिथे ताजा पाला कुजला की जिवाणू मिथेन तयार करतात. खाचरात पाय रोवल्यावर वर येणाऱ्या बुडबुड्यांत तोच असतो. म्हणून चिखलणीच्या दिवशी पाला तुडवू नका. आठ-दहा दिवस आधी पसरून नांगराने मातीत मिसळा आणि बांधाचं तोंड उघडं ठेवा. माती ओली हवी, पण पाणी साचलेलं नको. पेंढा मात्र कच्चा गाडू नका, कंपोस्ट करूनच घाला.

लावणीनंतर फुटवे येत असताना उघडीप मिळाली की खाचर निथळू द्या. बारीक भेगा दिसल्या की पुन्हा पाणी घ्या. पोटरीपासून (कणीस आत भरू लागल्यापासून) निसवून, म्हणजे कणसं बाहेर येऊन, होईपर्यंत मात्र पाणी तोडू नका. सखल खाचरातून पाणी निघणारच नाही. तिथे पाला कमी घाला.

मग युरिया बंद करू का? (कोपरखैरणे, शेत शहापूरला)

नको, एकट्या पाल्याने नत्र पुरत नाही. बंद करायचं ते युरिया फेकणं. पाण्यावर फेकलेल्या युरियातलं बरंच नत्र अमोनिया होऊन उडतं. खाचर ओलं-सुकं होताना त्यातून नायट्रस ऑक्साईडही बनतो. तो कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे 270 पट तापवतो. चारसूत्री या भातलावणीच्या पद्धतीप्रमाणे 15-25 सेंमी अंतराची जोडओळ लावा. चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या जुडग्यांच्या) मधोमध युरिया आणि डीएपी खताची 2.7 ग्रॅमची दाबून केलेली गोळी (ब्रिकेट) लावणीच्याच दिवशी 7 ते 10 सेंमी खोल खोचा. मजुरी वाढते, पण नत्र मुळांपाशी राहतं.

राब भाजल्याशिवाय (रोपाच्या जागेवर पाला-पाचोळा जाळल्याशिवाय) रोप होईल? (शहापूर)

होईल. गादीवाफे करून कुजलेलं शेणखत घाला. भाजल्याने तणाचं बी मरतं, त्याऐवजी रोपात एक खुरपणी जादा धरा.